अमेरिका म्हणजे आजचं रोम? तुलना पटते, पण कोणत्या काळातल्या रोमशी?

जर्सीकर
अमेरिकेत अठरा वर्षं काढली. 'हा देश रोमसारखा कोसळणार' हे इतक्या वेळा ऐकलंय की आता स्पष्ट बोलायचं ठरवलं. ४७६ साली पश्चिमेकडचं रोमन साम्राज्य संपलं, त्या काळाशी आजच्या अमेरिकेचं फारसं काही जुळत नाही. जुळतं ते त्याच्याही पाच-सहाशे वर्षं आधीच्या रोमशी. तेव्हा तिथे राजा नव्हता, निवडणुका होत्या, आणि ते सगळं हातातून निसटत चाललं होतं.

गेल्या महिन्यात वॉशिंग्टनला लिंकन स्मारक पाहिलं. लिंकन ज्या खुर्चीवर बसलाय, तिच्या दोन्ही हातांवर पुढच्या बाजूला काठ्यांची बांधलेली जुडी कोरली आहे. रोममध्ये कॉन्सलच्या, म्हणजे दरवर्षी निवडल्या जाणाऱ्या सर्वोच्च अधिकाऱ्याच्या, पुढे चालणारे सेवक अशी जुडी खांद्यावर घेऊन चालत. तिच्यात कुऱ्हाड खोचलेली असे, पण शहराच्या हद्दीत शिरताना ती काढून ठेवावी लागे, कारण शहरात नागरिकाच्या जिवावर कॉन्सलची मनमानी चालत नसे. लिंकनच्या खुर्चीवरच्या जुडीतही कुऱ्हाड नाही. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

इ.स.पू. १३३ मध्ये टायबेरियस ग्रॅकस या लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधीने जमिनीच्या फेरवाटपाचा कायदा केला आणि तो पुन्हा निवडणुकीला उभा राहिला. सिनेटच्या, म्हणजे रोमच्या बड्या लोकांच्या सभेच्या, सदस्यांनीच बाकांचे पाय मोडून त्याला आणि त्याच्या सुमारे ३०० समर्थकांना ठेचून मारलं. प्रेतं टायबर नदीत टाकली. त्या दिवशी एकही कायदा बदलला नाही. राजकारणाच्या भांडणात रक्त सांडायचं नाही, एवढा एक संकेत मोडला. तो पुन्हा कधी सांधला गेला नाही. शंभर वर्षांनी ऑगस्टस या पहिल्या सम्राटाच्या हाती सगळी सत्ता आली तेव्हाही सिनेट भरतच होती आणि कॉन्सल निवडले जातच होते. ६ जानेवारी २०२१ ला निवडणुकीचा निकाल न मानणारा जमाव घुसला आणि कॅपिटॉलच्या, म्हणजे अमेरिकी संसदभवनाच्या, काचा फुटताना मी टीव्हीसमोर होतो, आणि मला ग्रॅकसच आठवला.

कृष्णाकाठ
वीस वर्षं शाळेत इतिहास शिकवते आहे, म्हणून राहवत नाही. ग्रॅकसचा प्रसंग तुम्ही नीट मांडलात, पण सैन्याची बाजू सोडलीत, आणि सगळी मेख तिथेच आहे. सेनापती मारियसने इ.स.पू. १०७ मध्ये भूमिहीनांना सैन्यात घेतलं. निवृत्तीनंतर त्यांना जमीन द्यायची काही कायमची सोय सरकारकडे नव्हती. मिळाली तर ती सेनापतीच्या खटपटीने मिळायची. सैनिकाची चूल ज्याच्या हाती, त्याच्यामागे सैनिक जाणारच. म्हणून सेनापती सुल्ला इ.स.पू. ८८ मध्ये रोमवर चालून जाऊ शकला आणि सीझरला इ.स.पू. ४९ मध्ये सैन्यासह इटलीच्या हद्दीवरची रुबिकॉन नदी ओलांडता आली.

अमेरिकी सैनिकाचा पगार काँग्रेस मंजूर करते आणि शपथ तो संविधानाची घेतो. ६ जानेवारीला एकही पलटण कोणासाठी निघाली नाही. त्याच रात्री काँग्रेस पुन्हा बसली आणि पहाटेपर्यंत मतमोजणी पुरी झाली. रोममध्ये असं झालं असतं का?

जर्सीकर
सैन्याचा मुद्दा मान्य, ताई. पण पुढचं बघा. ग्रॅकसवर चालून जाणाऱ्यांचा म्होरक्या स्किपिओ नासिका. त्याच्यावर खटला चालला नाही, सरकारी कामगिरीच्या नावाखाली त्याला आशियात धाडून दिलं. आणि ६ जानेवारीच्या सुमारे १५०० आरोपींना २० जानेवारी २०२५ ला माफी मिळाली. त्यांत पोलिसांना मारहाण केलेले लोकही आहेत. पुढच्या पिढीने यातून काय शिकायचं?

कृष्णाकाठ
त्या माफीचं समर्थन मीही करणार नाही. पण १८६४ आठवा. अमेरिकेतली यादवी ऐन भरात होती. त्या युद्धात एकूण सहा लाखांवर माणसं मेली. निवडणूक पुढे ढकलायला याहून मोठं कारण कुठलं हवं होतं? २३ ऑगस्टला लिंकनने एका कागदावर लिहिलं की आपण बहुधा हरणार, आणि नव्या अध्यक्षाला सहकार्य करणं हे आपलं कर्तव्य असेल. तो कागद दुमडून, आतलं न दाखवता, त्याने मंत्र्यांच्या सह्या पाठीमागे घेतल्या. निवडणूक ठरल्या वेळी झाली. तुम्ही ज्याच्या खुर्चीसमोर उभे राहिलात, त्याच माणसाची ही गोष्ट.

नाणेघाट
तुम्ही दोघं सिनेटमध्येच अडकलात. मी नाणी जमवतो, त्यामुळे मला हा प्रश्न चांदीत दिसतो. ऑगस्टसचा देनारियस, म्हणजे रोमचं चांदीचं नाणं, जवळजवळ शुद्ध चांदीचा. इ.स. ६४ मध्ये सम्राट नीरोने त्यातली चांदी कमी केली. पुढे सम्राट गॅलिएनसच्या काळातलं, म्हणजे २६० नंतरचं नाणं हातात घ्या: तांब्यावर चांदीचा नुसता मुलामा, कडेला तोही उडालेला आणि खालचा लाल रंग वर आलेला. सैन्याचा खर्च भागेना म्हणून हे झालं.

आपल्याकडच्या व्यापाऱ्यांना पारख होती. दक्षिण भारतात सापडलेल्या साठ्यांत चांदीची नाणी बहुतेक ऑगस्टस आणि त्याच्यानंतरचा सम्राट टायबेरियस यांचीच आहेत, म्हणजे नीरोच्या आधीची. भारत दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स (रोमन नाणी) ओढून नेतो, अशी तक्रार रोमन लेखक प्लिनीने लिहून ठेवली आहे. आता डॉलर बघा. १९७१ मध्ये त्याचा सोन्याशी संबंध तुटला. २०२४ मध्ये अमेरिकेचं कर्जावरचं व्याज संरक्षणखर्चाच्या वर गेलं. आणि २०२२ पासून सलग तीन वर्षं जगातल्या मध्यवर्ती बँकांनी दरवर्षी १००० टनांहून जास्त सोनं घेतलं. पारख करणारे आजही आहेत.

ताळेबंद
नाही पटत. रोमला आजच्यासारखं कर्ज काढता येत नव्हतं. सरकारी रोखे हा प्रकारच तिथे नव्हता, म्हणून टंचाई आली की टांकसाळीत भेसळ, हाच सोपा मार्ग उरायचा. अमेरिका आपल्याच चलनात कर्ज घेते आणि ते जग विकत घेतं. १९७१ नंतर डॉलर संपला म्हणणाऱ्यांना पन्नास वर्षं उलटून गेली. जगाच्या परकीय गंगाजळीतला त्याचा वाटा २००० च्या आसपास सत्तर टक्क्यांवर होता, आज साठच्या थोडा खाली आहे. ही उतरण खरी आहे, पण गॅलिएनसच्या नाण्याशी तिचं नातं जोडता येत नाही.

अबोली
सैन्य झालं, चांदी झाली. नागरिकत्वाबद्दल कोणीच बोललं नाही, आणि माझ्या मते रोम टिकलं ते त्यामुळे. २१२ मध्ये सम्राट कॅराकॅलाने साम्राज्यातल्या जवळजवळ सगळ्या स्वतंत्र माणसांना नागरिक करून टाकलं. हेतू कर वाढवण्याचा होता, असं कॅसियस डिओ हा त्याच काळातला इतिहासकार लिहितो. असेलही. पण इजिप्तमधले त्या वर्षानंतरचे पपायरस, म्हणजे तेव्हाची कागदपत्रं, बघा: शेतकरी, विणकर, उंटवाले, सगळ्यांच्या नावामागे अचानक 'ऑरेलियस' लागलेलं दिसतं. ते सम्राटाचं कुलनाम. बायका 'ऑरेलिया'. कालपर्यंत जिंकलेली प्रजा, आज रोमन. गुलाम मात्र बाहेरच राहिले, तेही सांगायला हवं.

अमेरिकेचा १८६८ चा चौदावा घटनाबदल मला याच तोलाचा वाटतो, किंबहुना मोठा. तो तर गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठीच होता. इथल्या मातीत जन्मलेलं मूल इथलं. ही गोष्ट शाबूत असेपर्यंत मी रोमच्या पडझडीशी तुलना मान्य करणार नाही.

जर्सीकर
अबोली, तुम्ही नेमकं माझ्या घरातलं बोललात. मी अजून ग्रीनकार्डच्या रांगेत आहे. कुठल्याही एका देशाला वर्षाच्या कोट्यातले सात टक्केच, त्यामुळे आम्हा भारतीयांची रांग पुढे सरकतच नाही. मुलगी इथे जन्मली म्हणून ती नागरिक. जानेवारी २०२५ मध्ये जन्मसिद्ध नागरिकत्वावर मर्यादा घालणारा आदेश निघाला. त्यात तात्पुरत्या व्हिसावरच्या आईबापांची मुलंही होती. प्रकरण लगेच न्यायालयात गेलं. तो आदेश पुढे जन्मणाऱ्या मुलांपुरता होता, माझ्या मुलीला लागू नव्हता. तरी त्या आठवड्यात मी तिचा जन्मदाखला कपाटातून काढला आणि बँकेच्या लॉकरमध्ये नेऊन ठेवला.