मदत हवी आहे: बैलाच्या मोडलेल्या शिंगात किडे, धुतलेलं पाणी नाकातून येतं

गवळाऊ बैल, सहा दाती, वजन अंदाजे 300 किलो. डावं शिंग बुडापासून मोडलंय, बोट जाईल एवढं भोक उघडं आहे आणि आत किडे वळवळताना दिसतात. सडका वास येतो, डोकं डावीकडे झुकवतो. चारा खातो, ताप नाही.

डॉक्टरांनी आयव्हरमेक्टिन 1% (किडे मारणारं इंजेक्शन) कातडीखाली 6 मिली दिलंय, प्रतिजैविक चालू आहे. टर्पेंटाइनमध्ये भिजवून घट्ट पिळलेली गॉजची पट्टी भोकाच्या तोंडाशी ठेवली; श्वास कोंडून वर आलेले किडे चिमट्यानं काढून रॉकेलच्या डब्यात टाकले. जमिनीवर सोडले तर मातीत कोष करतात आणि पुन्हा माशी.

घोळ पुढं आहे. पोव्हिडोन आयोडीन फिकं करून धुतलं की अर्धं पाणी डाव्या नाकपुडीतून येतं. शिंगाची पोकळी कपाळाच्या हाडातल्या पोकळीला जोडलेली, तिथले किडे चिमट्याला लागत नाहीत. आत टर्पेंटाइन ओतायचं नाही: अस्तर भाजेल, श्वासात गेलं तर फुफ्फुसाला धोका. डांबरगोळीची पूडही म्हणूनच सुचवू नका.

डॉक्टर सोमवारी पुन्हा येणार. तोवर झड चालू, गोठा ओला, माश्या भरपूर.

कोमट सलाइननं धुताना डोकं किती खाली धरायचं, एका वेळी किती सलाइन सोडायचं? आणि भोक गॉजनं बुजवायचं, की घाण वाहून जाण्यासाठी उघडं ठेवून वरून नुसतं जाळीचं कापड बांधायचं?