मदत हवी आहे: गेम डिझाइन आणि लेखन, दोन्ही शिकायचं तर कोणती वाट धरावी?

नमस्कार मंडळी. आम्ही ठाण्यात, नौपाड्यात राहतो. लेक बारावी आर्ट्सला आहे. ट्वाइन नावाच्या मोफत सॉफ्टवेअरवर तिने एक खेळ केलाय. तलावपाळीवर आजोबा हरवलेत आणि नात त्यांना शोधतेय. चणेवाल्याला विचारायचं की बोटवाल्याला, त्यावर गोष्ट वळते. एका वाटेवर आजोबा सापडतात, पण नातीला ओळखत नाहीत. तिथे माझ्या डोळ्यांत पाणी आलं. हा नुसता टाइमपास नाही, एवढं मला कळतं.

आयआयटी मुंबईच्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, यूसीड ही प्रवेश परीक्षा द्यावी लागते, ती आर्ट्सच्या मुलांनाही देता येते. एनआयडीचा (राष्ट्रीय डिझाइन संस्थेचा) डिजिटल गेम डिझाइन कोर्स बेंगळुरूला आहे, पण तो एम.डेस., म्हणजे पदवीनंतरचा. मग आधी साहित्यात बी.ए. करून तिकडे वळावं का? मला हेच बरं वाटतं. तिची आई म्हणते, थेट डिझाइनलाच जाऊ दे.

यातून गेलेलं कोणी आहे का? पोर्टफोलिओत, म्हणजे आपल्या कामाच्या संग्रहात, लिखाण कसं मांडलंत? आणि यूसीडच्या चित्रकलेची तयारी घरी होते, की क्लास लावावाच लागतो? ठाणे-वाशीकडचा चांगला क्लास माहीत असेल तर जरूर सांगा.