प्रति: मोलची गणितं मुलांना का जमत नाहीत?

मोलची (मोल म्हणजे डझनासारखं, रेणूंची ठरावीक संख्या मोजायचं एकक) भरपूर गणितं सोडवून घेतली की मुलांना जमतं, असं वर म्हटलंय. सराव हवाच, पण कोणती गणितं देता यावर बरंच अवलंबून आहे.

नेहमीचं उदाहरण घ्या: २८ ग्रॅम नायट्रोजन, ४ ग्रॅम हायड्रोजन, अमोनिया किती? (समीकरण N₂ + 3H₂ → 2NH₃; अभिक्रिया पूर्ण होते असं धरून, हे प्रश्नात लिहाच.) लिमिटिंग रिएजंट, म्हणजे आधी संपून अभिक्रिया थांबवणारा पदार्थ, हायड्रोजन. पण ‘ज्याचे ग्रॅम कमी तो आधी संपतो’ असं मानणाऱ्यालाही हायड्रोजनच मिळतो, आणि चुकीच्या समजावर बरोबरची खूण पडते! म्हणून लगेच हायड्रोजन १० ग्रॅम करा. १ मोल (२८ ग्रॅम) नायट्रोजनला ३ मोल (६ ग्रॅम) हायड्रोजन लागतो, आहे ५ मोल. आता नायट्रोजन संपतो, ३४ ग्रॅम अमोनिया होतो, ४ ग्रॅम हायड्रोजन उरतो. ‘ज्याचे मोल कमी तो संपतो’ म्हणणारे इथे सुटतात, पण पहिल्या गणितात अडकतात: तिथे १ मोल नायट्रोजन, २ मोल हायड्रोजन, तरी संपतो हायड्रोजन. त्यामुळे ही दोन गणितं जोडीनेच द्यावीत.

त्याआधी, आकडेमोड न करता, चौकटीत ४ नायट्रोजनचे आणि ६ हायड्रोजनचे रेणू काढून ‘नंतर काय दिसेल?’ विचारा. ४ अमोनिया आणि उरलेले २ नायट्रोजन यायला हवेत. उरलेले रेणू काढायचे राहिले, तर समीकरणातले सहगुणक म्हणजेच भांड्यातलं प्रमाण असा घोळ झालेला असतो.

शेवटी वस्तुमान जुळवायला लावा. पहिल्या गणितात अमोनिया २२.६७ अधिक उरलेला नायट्रोजन ९.३३, म्हणजे ३२ ग्रॅम, सुरुवातीच्या २८ अधिक ४ इतकेच.