विमानाच्या पंखाचं डिझाइन : मेकॅनिकलवाल्यांना शिरकाव आहे का?

गोदाकाठ
नमस्कार. मी नाशिकला मेकॅनिकलच्या तिसऱ्या वर्षाला आहे. घर ओझरच्या बाजूला, त्यामुळे एचएएलच्या विमान कारखान्यातून उडणारी सुखोई लहानपणापासून बघत आलेय. मला विमानाच्या पंखांच्या डिझाइनमध्ये जायचंय. एरोस्पेसची डिग्री नसेल तर घेतात का? दिवसभर नेमकं काम काय असतं? आणि कॅटिया-नॅस्ट्रान या डिझाइन-विश्लेषणाच्या सॉफ्टवेअरचा क्लास लावू का? फी बरीच आहे, म्हणून घरी विषय काढायच्या आधी इथे विचारते.

रिब_सात
मी बंगळूरला विंग स्ट्रेसमध्ये (पंख भार पेलेल का ते तपासणाऱ्या टीममध्ये) आहे, मूळची साताऱ्याची, आणि मीही मेकॅनिकलचीच. तेव्हा घेतात.

पंखाचा बाहेरचा आकार एरोडायनॅमिक्सची माणसं ठरवतात. आमच्याकडे आतला सांगाडा येतो: स्पार (पंखाच्या लांबीभर जाणाऱ्या मुख्य तुळया), रिब (आडव्या फासळ्या), स्ट्रिंगर (स्किनला आतून आधार देणाऱ्या लांब पट्ट्या) आणि वरखालची स्किन, म्हणजे आवरण. त्यातही एकाच्या हाती अख्खा पंख कधीच नसतो. माझ्याकडे सध्या काही रिब आहेत. लोड्सच्या टीमकडून लोडकेसची मोठी यादी येते (२.५ जीचं, म्हणजे वजनाच्या अडीचपट भाराचं मॅन्युव्हर, वाऱ्याचे झोत, लँडिंगचा दणका) आणि प्रत्येकात माझी रिब टिकते हे कागदावर सिद्ध करायचं. सेवेत जास्तीत जास्त येऊ शकेल तो लिमिट लोड. त्याच्या दीडपट भार निदान ३ सेकंद न तुटता पेलला पाहिजे, असा नियम. पण दीडपटीच्या फार पुढे गेलात तरी शाबासकी नाही, ते जादा वजन विमान जन्मभर वाहतं. १९९५ मध्ये बोइंग ७७७ चा पंख चाचणीत मुद्दाम तुटेपर्यंत वाकवला होता. तो लिमिट लोडच्या १५४ टक्क्यांवर तुटला. इतका नेमका अंदाज! या धंद्यातला मला सगळ्यात आवडणारा आकडा हाच.

इंटरव्ह्यूत मी हमखास एक प्रश्न विचारते: पंखातल्या इंधनामुळे उडताना रूटचं (पंख धडाला जोडतो तिथलं) बेंडिंग, म्हणजे वाकवणारा भार, वाढतं की कमी होतं? सॉफ्टवेअरचे क्लास केलेली बरीच मुलं 'वाढतं' म्हणतात. अगं, लिफ्ट पंखाला वर वाकवते आणि इंधनाचं वजन तिथेच खाली ओढतं, म्हणजे बेंडिंग कमी होतं. म्हणूनच तर इंधन सोडून विमानाचं वजन किती असावं याची वेगळी मर्यादा असते. हे कळायला नॅस्ट्रान लागत नाही, वही लागते. बीम, शिअर फ्लो (पातळ भिंतींतला कातर भार), प्लेटचं बकलिंग (दाबाखाली अचानक वाकणं) हाताने सोडव. सॉफ्टवेअर कंपनीत शिकवतात. क्लासची फी वाचव.

गोदाकाठ
खूप आभार, ताई. पण रोज रिपोर्टच लिहायचे तर कंटाळा नाही येत?

रिब_सात
रिपोर्ट खूप असतात, खरंय. पण मध्येच कारखान्यातून कन्सेशन (चुकलेला पार्ट वापरायची परवानगी मागणारा अर्ज) येतं: भोक कडेच्या जवळ पडलंय, पार्ट वापरू की भंगारात टाकू? भोकाच्या केंद्रापासून कडेपर्यंत साधारण व्यासाच्या दुप्पट अंतर हवं, आणि इथे ते कमी भरतंय. मग ती जागा कुठे आहे ते बघायचं. उडताना वरची स्किन दाबली जाते, तिला बकलिंगची भीती. खालची ताणली जाते, तिथे फटीगची (पुन्हापुन्हा भार येऊन धातू थकल्याची) भेग भोकापासूनच सुरू होते. तेच चुकलेलं भोक वर कदाचित चालून जाईल, खाली मी दहादा विचार करीन. शेवटी सही माझी असते. त्या दिवशी कंटाळा येत नाही.

कंपोझिटवाला
ताईंशी सहमत, फक्त एक भर. धातूवरच थांबू नकोस. तेजसच्या पंखाची स्किन कार्बन फायबरची आहे, बोइंग ७८७ चे पंखही. तिथे धाग्यांचा कोणता थर ०, ४५ की ९० अंशांत टाकायचा हेच डिझाइन. आणि हातातून पाना पडला तर वर जेमतेम खळगा दिसतो, आत थर सुटलेले असतात. असं नुकसान नजरेतून सुटलं तरी पंखाने भार घेतलाच पाहिजे, हे धरून आम्ही जाडी ठरवतो. जमलं तर गेट परीक्षा देऊन आयआयएससी किंवा आयआयटी मुंबईला एरोस्पेसचं एमटेक कर. मेकॅनिकलवाल्यांनाही प्रवेश मिळतो.

गोदाकाठ
क्लास रद्द. शिअर फ्लोपासून सुरुवात करते. अडलं की इथेच विचारीन, चालेल ना?

रिब_सात
चालेल. गणित सोडवलेल्या पानाचा फोटो टाक, नुसतं उत्तर नको.