पाच आणि सात नंबरच्या स्पार्क प्लग वायरी एकमेकींपासून दूर ठेवा

स्पार्क प्लगच्या वायरी हेडरला, म्हणजे इंजिनच्या एक्झॉस्ट नळ्यांना, लागून जळत असतील तर त्यांवर स्लीव्ह (उष्णता अडवणारं आवरण) चढवा आणि सगळ्या वायरी एकत्र बांधून हेडरपासून दूर ओढा, असं सुचवलं जातं. पहिलं अर्धं मान्य. फक्त स्लीव्ह आजूबाजूची धग अडवते, नळीला टेकून बसलेल्या वायरीला ती फार काळ वाचवत नाही. म्हणून आधी बूट, म्हणजे वायरीच्या टोकाची प्लगवर बसणारी टोपी, बदलून बघा. सरळ बूट नळीवर जात असेल तर ४५ किंवा ९० अंशाचा घ्या, आणि जिथे बोटभरही जागा नाही तिथे सिरॅमिक बूट. महाग आहेत, पण दर थोड्या दिवसांनी नवा वायर सेट घेण्यापेक्षा परवडतात.

एकत्र बांधण्याला मात्र माझा विरोध आहे, निदान स्मॉल ब्लॉक शेव्हीवर (शेव्हरोलेच्या व्ही-८ इंजिनावर) तरी. त्याची फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. पाच आणि सात हे सिलिंडर एकाच बाजूला, शेजारी-शेजारी, आणि पेटतातही लागोपाठ. त्यांच्या वायरी समांतर, चिकटून नेल्या की पाचची ठिणगी पडताना सातच्या वायरीत व्होल्टेज उतरतं आणि सात वेळेआधीच पेटतो. लोड आला की इंजिन अडखळतं आणि माणूस उगाच कार्ब्युरेटर खोलत बसतो. या दोन वायरी सेपरेटरमध्ये (वायरींत अंतर राखणाऱ्या क्लिपमध्ये) वेगळ्या ठेवा, एकमेकींना ओलांडायचंच झालं तर काटकोनात ओलांडू द्या. आणि हो, हेडर आयडलवरच लाल होत असेल तर आधी टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) तपासा, ते रिटार्ड झालेलं, म्हणजे ठिणगी उशिरा पडत असू शकते. तिथे कुठलीच स्लीव्ह पुरणार नाही.