घरातले फोटो धूसर येतायत, कॅमेऱ्याची बॉडी बदलू का?

अर्धाक्लिक

नमस्कार मंडळी. क्रॉप सेन्सरचा (प्रकाश टिपणारा भाग फुल फ्रेमपेक्षा लहान असलेला) २४ मेगापिक्सलचा कॅमेरा घेऊन दोन वर्षं झाली, लेन्स सोबत आलेली १८-५५ एमएमची झूम तीच अजून. बाहेर उन्हात ठीकठाक येतात फोटो पण घरात संध्याकाळी काढायला गेलं की सगळा आनंदी आनंद. परवा भाचा हॉलमध्ये पळत होता, चाळीसेक फोटो काढले, एकही धड नाही. वर बायकोनं शेजारी उभं राहून मोबाईलवर दोन काढले आणि तेच घरच्या ग्रुपवर गेले, माझ्या कॅमेऱ्याकडे कोणी ढुंकूनही बघितलं नाही.

फोटो इथे चढत नाहीयेत, साइज मोठी म्हणतंय, म्हणून आकडेच देतो (क्रमाने झूम; अपर्चर म्हणजे लेन्सचं भोक, एफचा आकडा मोठा तितकं भोक लहान; शटर किती सेकंद उघडं; आणि आयएसओ म्हणजे उजेडाची संवेदनशीलता). भाच्याचा: ५५ एमएम, एफ ५.६, १/२५, आयएसओ ८००. आजीचा, खिडकीत बसलेली, ३५ एमएम, एफ ५, १/३२०, आयएसओ १००, यात बाहेरचं झाड मस्त आलंय आणि आजीचा चेहरा काळाकुट्ट. तिसरा डोंगराचा, १८ एमएम, एफ २२, १/६०, आयएसओ १००. कुठेतरी वाचलं होतं की अपर्चर जितकं लहान तितकं सगळं शार्प, पण हा तर मऊमऊच आलाय आणि आकाशात काळपट ठिपके दिसतायत.

एडिटिंगमध्ये क्लॅरिटी ८० पर्यंत नेऊन बघितली, माणसं प्लास्टरची वाटायला लागली. थोडे पैसे साठवलेत, फुल फ्रेम बॉडी घ्यावी असं मनात आहे. घेऊ का?

फुलफ्रेमी

घ्या हो. मी क्रॉपवरून फुल फ्रेमवर आलो आणि लो लाइटची कटकटच संपली. २४ मेगापिक्सल आता जुनं झालं, ४५ वाली बॉडी बघा, फोटो कापायला (क्रॉप करायला) पण भरपूर जागा मिळते.

खटॅक

थांबा जरा, पैसे काढू नका. आधी एक काम करा, भाच्याचा फोटो कॉम्प्युटरवर १०० टक्के झूम करून नीट बघा आणि सांगा नक्की काय धूसर आहे. धूसरपणा तीन तऱ्हेचा असतो. अख्खी फ्रेम एकाच दिशेला ओढल्यासारखी दिसत असेल तर हात हलला. भिंत-फर्निचर स्वच्छ आणि पोरगाच फराटल्यासारखा असेल तर पोरगा हलला, शटर कमी पडलं. आणि पोरगा मऊ पण त्याच्या पुढची किंवा मागची वस्तू कडक असेल तर फोकस चुकला. तिन्हीची औषधं वेगळी आहेत, तेव्हा आधी निदान.

मला तरी आकड्यांवरून दुसरा प्रकार वाटतोय. १/२५ ला पळतं पोर थांबणार नाही हो, कुठल्याच कॅमेऱ्यात नाही. लेन्समधलं स्टॅबिलायझेशन तुमचा हात सांभाळतं, भाच्याचे पाय नाही.

अर्धाक्लिक

बघितलं. अहो टीपॉयवरच्या पेपरातली मोठी अक्षरं वाचता येतायत!! आणि त्याच्याच पुढे भाच्याला तीन कान आहेत.

खटॅक

हाहा, मग झालं. आता हिशोब बघा, जरा लांबण लागेल पण एकदा डोक्यात बसला की आयुष्यभर कामाला येतो.

पळत्या पोराला निदान १/२५० तरी हवं. म्हणजे आत्ताच्या दहापट वेगवान, म्हणजेच सेन्सरवर उजेड एक दशांश. ही दहापटीची तूट कुठून तरी भरून काढायची. तुमच्या लेन्सला ५५ ला एफ ५.६ च मिळतं पण १८ ला एफ ३.५ मिळतं, हा फरक अडीचपट उजेडाचा (५.६ ला ३.५ नं भागा, १.६ येतं, त्याचा वर्ग करा). आयएसओ ८०० वरून ३२०० केला की चौपट. अडीच चोक दहा. झाली भरपाई, एक पैसा खर्च न करता. फक्त झूम मागे घ्यायचा आणि स्वतः पुढे सरकायचं. खाली बसा, पोराच्या उंचीवर या. चेहरा फ्रेमच्या कडेला ठेवू नका, १८ ला कडेची माणसं ताणली जातात.

दुसरा रस्ता ५० एमएम एफ १.८ ची लेन्स. एफ ५.६ वरून एफ १.८ म्हणजे जवळजवळ दहापट उजेड, तेव्हा आयएसओ ८०० वरच १/२५० मिळेल.

आणि आता फुल फ्रेम. सेन्सरचं क्षेत्रफळ क्रॉपच्या सव्वादोन पट, म्हणजे त्याच एफ नंबरला फायदा ढोबळमानाने सव्वा स्टॉपचा (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट). नवीन बॉडीवर पुन्हा एफ ५.६ ची लेन्स लावून १/२५ ला काढलं तर भाच्याला तीनच कान येणार, फक्त कमी नॉइजवाले, म्हणजे कमी दाणेदार.

मोबाईलचं म्हणाल तर त्याची मुख्य लेन्स आधीच वाइड आणि बऱ्याचदा एफ १.८ च्या आसपासची असते, शिवाय बरेच मोबाईल एका क्लिकमागे पाच-सात फ्रेम घेऊन एकत्र करतात. वहिनींनी तुम्हाला हरवलं नाही, अपर्चरनं हरवलं.

फुलफ्रेमी

अहो पण आयएसओ ३२०० ला दाणे किती येतात, क्रॉप सेन्सरवर तर बघवत नाही.

खटॅक

दाणेवाला शार्प फोटो वाचवता येतो, हललेला नाही. आणि आयएसओ कमी ठेवून अंधारा फोटो काढायचा आणि घरी येऊन एक्स्पोजरचा स्लायडर ओढायचा यानं दाणे कमी होत नाहीत, सेन्सरवर उजेडच कमी पडलाय तर दाणे असणारच. जेपेगमध्ये (कॅमेऱ्यानं दाबून तयार केलेली फाइल) तर सावल्यांचा चिखल होतो वर.

सावलीतली

भाच्याचं झालं पण आजींना सगळे विसरलात 😀 तो फोटो मला जास्त महत्त्वाचा वाटतो, कारण त्यात काहीच विकत घ्यायचं नाहीये, फक्त खुर्ची फिरवायचीय.

झालं काय की कॅमेऱ्याच्या मीटरला आजी कोण हे ठाऊक नाही. तो सगळ्या फ्रेमचा उजेड मोजून मधल्या करड्या छटेवर आणायला बघतो, आणि फ्रेमचा मोठा भाग लख्ख खिडकी असेल तर तो उजेड कमी करणार आणि माणूस काळा पडणार. (म्हणूनच बर्फ आणि पांढरे कपडे पण राखाडी येतात.) एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (मीटरपेक्षा उजेड कमीजास्त करायची सेटिंग) अधिक दीड-दोन केलं तर चेहरा येईल पण बाहेरचं झाड जळेल. त्यापेक्षा आजींना खिडकीच्या बाजूला बसवा, खिडकी त्यांच्या डाव्या किंवा उजव्या खांद्याला येईल अशी, तुम्ही भिंतीला पाठ लावून उभे राहा आणि खोलीतला दिवा बंद करा. दिवा बंद करणं विसरू नका, नाहीतर अर्धा चेहरा निळसर आणि अर्धा पिवळा येतो आणि मग व्हाइट बॅलन्स (उजेडाच्या रंगाची सेटिंग) कुठेही ठेवला तरी एक गाल चुकीचाच. लांबचा गाल फार काळा पडत असेल तर त्या बाजूला पांढरी चादर धरायला सांगा कुणाला तरी. मी तर घरच्यांना आता "तू रिफ्लेक्टर हो" एवढंच म्हणते.

खिडकीपासून किती लांब बसवायचं हे पण बघा. अगदी चिकटून बसवलं तर जवळचा गाल भडक आणि पलीकडचा एकदम काळा, तीनेक फूट मागे घेतलं की दोन्हीतला फरक कमी होतो. फोटो काढायच्या आधी तिथे नुसता स्वतःचा हात धरून फिरवून बघायची मला सवय आहे, बोटांच्या सावल्या दिसतात त्यावरून कळतं. लोक हसतात, हसू देत.

एडिटिंगबद्दल: क्लॅरिटी आधी शून्यावर आणा. तो स्लायडर मधल्या छटांचा कॉन्ट्रास्ट वाढवतो, हललेल्या फोटोला शार्प करत नाही, उलट सुरकुत्या खोल करतो आणि डोक्याभोवती पांढरी कडा आणतो. रॉ मध्ये (सेन्सरचा कच्चा डेटा ठेवणारी फाइल) काढता का? नसाल तर आजपासून रॉ + जेपेग दोन्ही ठेवा. जेपेगमध्ये प्रत्येक रंगाच्या २५६ पायऱ्या, १४ बिटच्या रॉ मध्ये १६,३८४, आजींचा चेहरा सावलीतून वर काढायचा असेल तर त्या पायऱ्या लागतात. डार्कटेबल किंवा रॉथेरपी ही एडिटिंगची दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत, पहिले चार दिवस डोकं खातात मग जमतं. मी आधी व्हाइट बॅलन्स, मग एक्स्पोजर, मग हायलाइट-शॅडो, मग क्रॉप करते, आणि तेवढ्यावर नव्वद टक्के फोटो सोडून देते. स्क्रीनचा ब्राइटनेस पूर्ण ठेवून एडिट करू नका, प्रिंट हातात आली की सगळं अंधारलेलं निघतं.

जुनारोल

डोंगराचं मी घेतो. एफ २२ ला डिफ्रॅक्शन लागतं, बारीक भोकातून प्रकाश पसरतो आणि सगळी फ्रेम मऊ होते. क्रॉपवर एफ ८ ठेवा, १८ एमएमला पायाजवळचं काही घेतलं नसेल तर डोंगर अगदी खणखणीत येईल, फार तर एफ ११. ठिपके म्हणजे सेन्सरवरची धूळ, लहान अपर्चरला उठून दिसते. ब्लोअरनं हवा मारा, तोंडानं फुंकू नका, थुंकी उडते. (माझी उडाली होती.)

मेगापिक्सलवर जाऊ नका. ४के स्क्रीन म्हणजे जेमतेम ८.३ मेगापिक्सल, तुमचे २४ त्यावरच मावत नाहीत. आणि २४ चे ४५ झाले तरी रुंदीत ३७ टक्केच वाढतात. १९७५ साली कोडॅकच्या स्टीव्हन सॅसननं पहिला डिजिटल कॅमेरा जुळवला तो ०.०१ मेगापिक्सलचा होता, एक फोटो कॅसेटवर उतरायला २३ सेकंद. तेव्हा कोणी मेगापिक्सलबद्दल कुरकुरलं असतं तर समजू शकलो असतो.

अर्धाक्लिक

मंडळी, आज संध्याकाळी करून बघितलं. १८ एमएम, एफ ३.५, १/२५०, आयएसओ ३२००, खाली फरशीवर बसून. भाचा उडी मारताना हवेत थांबलाय, केस उभे, एक मोजा निघालेला, कान दोनच!! दाणे आहेत पण बायको म्हणाली तिला दिसलेच नाहीत.

एक नवीन भानगड. काही फोटोंवर आडवे काळसर पट्टे आलेत. भाचा दचकू नये म्हणून सायलेंट मोड लावला होता, त्याचा काही संबंध?

जुनारोल

तेच कारण. सायलेंट म्हणजे इलेक्ट्रॉनिक शटर, तो सेन्सर एकदम न वाचता वरून खाली ओळीओळीनं वाचतो. ५० हर्ट्झच्या विजेवरचे एलईडी आणि ट्यूब सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, आपल्याला दिसत नाही पण ज्या ओळी दिवा मंद असताना वाचल्या त्या काळ्या. मेकॅनिकल शटर लावा, बरंच कमी होईल. तरी राहिलं तर मेन्यूत अँटी-फ्लिकर आहे का बघा. १/१०० केलं तर पट्टे जातील पण मग पोरगा हलतो. उडी मारून हवेत सगळ्यात वर पोचला की क्षणभर थांबल्यासारखा होतो, तेव्हा दाबलंत तर १/१०० ला पण बऱ्याचदा चालून जातं.

खटॅक

आणि ५० एमएम घेतलीत तर लगेच एफ १.८ ला पळतं पोर पकडायला जाऊ नका. दोन मीटरवर क्रॉपला जेमतेम ११ सेंटीमीटर फोकसमध्ये राहतं, एक पाऊल टाकलं की पोरगं बाहेर. कंटिन्युअस फोकस (पोराबरोबर सरकत राहणारा), एफ २.८, आयएसओ २०००.

अर्धाक्लिक

नोंद केली. बॉडीचे पैसे तूर्तास तसेच ठेवतो. उद्या सकाळी आजीची खुर्ची फिरवायचीय, ती आत्ताच विचारतेय कुठली साडी नेसू.

सावलीतली

फार चकचकीत काठाची नको म्हणावं, खिडकीच्या उजेडात जरीच आधी जळते.