मदत हवी आहे: काळ्या मातीत ऑफिस टाइम का टिकत नाही?

माळरान_अथणी
घरासमोर 10 बाय 20 फूट जागा आहे, दिवसभर ऊन. हिरवळीला लागेल एवढं पाणी नाही म्हणून ऑफिस टाइम (चिनी गुलाब) लावला. महिनाभर छान फुलला, आता ताटाएवढे चट्टे पडून मरतोय. माती काळी, तिच्यात चार पाट्या वाळू मिसळली होती. रोज संध्याकाळी बोअरचं पाणी थोडं थोडं देतो. पाणी वाढवू का?

वाफा_आणि_आळं
वाढवू नका, आठवडाभर बंदच करा. चट्ट्याच्या कडेची एक काडी उपटा आणि बुंधा चिमटीत दाबा. साल ओली होऊन सरकली, आत तपकिरी दिसलं तर ती कूज. तहानेनं पानं सुरकुततात, पण बुंधा टणक राहतो.

काळी माती वरून भेगाळलेली दिसली तरी खाली चार बोटांवर ओल धरून बसते. त्यात चार पाट्या वाळूनं काही होत नाही. उलट वाळल्यावर ती विटेसारखी घट्ट बसते. काळी माती सुधारायच्या नादाला लागू नका, तिच्यावर 6 इंचांचा उंच वाफा करा. तुमच्या जागेला बरोबर एक ब्रास (100 घनफूट) माल लागतो: अर्धा चाळलेला मुरूम, उरलेल्यात तीन भाग भरड वाळू आणि दोन भाग चांगलं कुजलेलं शेणखत. माल टाकण्याआधी खालच्या मातीलाच भिंतीपासून बाहेरच्या बाजूला 10 फुटांत 3 इंच उतार द्या. हा उतार द्यायचा राहिला तर मुरलेलं पाणी काळ्या थरावर तुंबतं आणि कूज परत येते.

निरोग्या भागातल्या 4 इंचाच्या काड्या घ्या, खालची पानं काढून अर्धा दिवस सावलीत सुकवा आणि एक-एक फुटावर इंचभर खोल खोचा. 200 काड्या पुरतात. पहिले दहा दिवस हलका शिडकावा. त्यानंतर एका वेळी 200 लिटरचं एक पिंप, सकाळीच. एप्रिल-मेमध्ये पाच-सहा दिवसांनी, थंडीत दहा-बारा दिवसांनी. दोन इंच उकरून माती कोरडी लागली तरच. युरिया नको, नुसता पाला वाढतो.

तांबडी_माती
वरचं सगळं पटलं. फक्त लावणीची वेळ गावाप्रमाणे बघा. अथणीकडे जूनच्या पहिल्या सरींवर चालतं, पण बेळगाव-खानापूरच्या जुलैतल्या झडीत कोवळ्या काड्या कुजतात. तिकडे ऑक्टोबरनंतरच लावा.

पिंप पोचत नाही त्या टोकाला पसरणारी जांभळी घाणेरी (लँटाना) लावता येईल, अडीच फुटांवर एक रोप. मूळ धरल्यावर दर पंधरा दिवसांनी पाणी दिलं तरी चालतं. मात्र गोठ्याजवळ किंवा शेळ्या सुटतात तिथे अजिबात नको, तिचा पाला जनावरांना विषारी असतो.

माळरान_अथणी
काडी उपटली, साल हातात आली. मातीवर पांढरी पापडीही दिसते. आणि ढगाळ दिवशी फुलं उघडत नाहीत, तोही रोगच का?

वाफा_आणि_आळं
नाही हो दादा, ऊन नसलं की ऑफिस टाइम मिटूनच राहतो. पापडी बोअरच्या क्षारांची. रोज थोडं पाणी दिलं की ते वरच्या वर उडून जातं आणि क्षार मागे राहतात. पापडी खरवडून बाहेर टाका, नव्या मालात मिसळू नका. छपराचं पावसाचं पाणी पन्हाळीनं पिंपात धरता आलं तर अधूनमधून तेच द्या. मेलेल्या चट्ट्यातल्या काड्या मात्र एकही परत लावू नका.